घाईची बाई

सोमवार, तारीख चार

सूनबाईस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, राहिले तर. आधी विचारायचं ते विचारते.

चार दिवस बहिणीकडे जाऊन येते म्हणणारं माणूस जाड शाल कशाला नेतं? कपाट उघडून बघितलं मी. बघणारच, घर माझं आहे. शाल नाही, बंद बूट नाहीत, तुझा तो चहाचा निळा कप नाही. शाल एक वेळ घाईत पिशवीत जाते. कप जात नाही. कप कागदात गुंडाळावा लागतो, मधोमध ठेवावा लागतो. म्हणजे तू ठरवून गेलीस.

फोन केला की तुझी थोरली बहीण उचलते आणि म्हणते, "ती आंघोळीला गेलीय." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, दिवेलागणीला आंघोळ. आमच्या घरचं एवढं काय चिकटलंय तुला? म्हणून कागदावर लिहितेय. माझी चौथी झालेली, तीही रडतखडत. अक्षर जसं आहे तसं वाच, त्यात खोट काढू नकोस. खोट काढायची तुला सवयच आहे.

तुझ्या नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "ऑफिसचं टेन्शन आहे आई, येईल ती." कसलं टेन्शन? एकाच ऑफिसात दोघं. तो मशीनचे प्रोग्रॅम बनवणार, तू त्यात चुका शोधणार. लग्न ठरलं तेव्हाच मी म्हटलं होतं, एकाने रांधायचं आणि दुसऱ्याने दिवसभर नावं ठेवायची, हा संसार टिकायचा कसा? तेव्हा दोघं हसलात. आता हसा.

त्या रविवारी दार लावून भांडलात. मी कान लावला नव्हता. मी भाजी निवडत होते आणि दार पातळ आहे. "दाखव मला," एवढंच तू म्हणत होतीस. "दुरुस्त केलंयस ना? मग दाखव मला." आणि तो म्हणत होता, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" बायकोने नवऱ्याला असं विचारायला लावावं? आमच्या वेळी विश्वास नसला तरी असं तोंडावर कोणी म्हणत नसे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या लाँड्रीत नवी मोठी मशीन येतेय, तुझ्या नवऱ्याने मालकाशी बोलून आणवलेली. तिचं डोकं तुमच्या ऑफिसातलं, म्हणजे ह्यानेच बनवलेलं. तू गेल्यावर त्याने मला दाखवलं, तू त्या मशीनच्या कसल्या कसल्या परीक्षा घेतल्यास ते. त्यातल्या एकीचं नाव काय? 'घाईची बाई'. खाली लिहिलंय, बटण दाबून वाट न बघता लगेच पुन्हा दाबणारी बाई. म्हणजे मीच ना? लिफ्टचं बटण मी चारदा दाबते, टीव्हीचा रिमोट हातावर आपटते, ते सगळं बघत होतीस, गालात हसत होतीस आणि ऑफिसात जाऊन माझी नक्कल करत होतीस. "बघ आई, तुझं काय नाव केलंय तिने," असं तोच म्हणाला. मला तर सांगायला लाज वाटते.

आणि वर जाताना, चपला पायात घालता घालता मला काय म्हणालीस? "आई, नवी मशीन आली की बटण एकदाच दाबा हं." टोमणा कळत नाही मला? मी लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं, आमच्या सूनबाईंचा हुकूम आलाय, बटण एकदाच दाबायचं. चिमणी एवढी हसली की चादर हातातून सुटली. चिमणी म्हणजे मशीनमध्ये चादरी भरणारी, अंगाने एवढीशी, तोंड मात्र थांबत नाही.

उत्तर दे. कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते कुठे हे मी शोधणार.

सासू


गुरुवार, तारीख एकवीस

सूनबाईस,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं का त्याला? एवढ्या मोठ्या कागदावर एक ओळ. "आई, तुमची दाढ काढायला आपण गेलो होतो तो वार कोणता होता आणि मी तुमच्याजवळून मधे कधी उठले होते का, एवढं कळवा." कशी आहात नाही, चिमणी कशी आहे नाही. माझ्या दाढेवर तुझा डोळा का?

चिमणीचं तुझ्या कानावर आलं असेलच. नाही तर मी सांगते, मी तिथे होते. मशीन येऊन थोडेच दिवस झाले होते. हॉस्पिटलच्या चादरी होत्या, त्यांना उकळतं पाणी लागतं. मी पलीकडे रोलरवर इस्त्रीला. चिमणीची बडबड चालू होती, दिराच्या लग्नात कोण कोण रुसलं ते सांगत होती. आणि एकदम गप्प झाली. मी वळून बघते तर मशीनचं दार उघडं, वाफ छतापर्यंत आणि आतलं पाणी सगळं हिच्या अंगावर. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि एक मांडी. ओरडली नाही ग ती. एवढी बोलणारी बाई, तोंडातून आवाज फुटला नाही. ओरडले ते आम्ही.

मालक म्हणाला, हिनेच काहीतरी उलटंसुलटं दाबलं असेल. दाराला कुलूप पडतं आपोआप, पाणी जाईपर्यंत उघडत नाही, असं त्याला विकताना सांगितलेलं. मग उघडलं कसं? आता तुमच्या ऑफिसाने चौकशी लावलीय.

तुझा नवरा जेवताना म्हणाला, "मशीन तिने पास केली होती आई. कॉम्प्युटरात तिच्या नावावर आहे. आता तिची नोकरी जाईल, आणि पुन्हा कुणी हे काम देणार नाही." ताटाकडे बघून म्हणाला. मला आधी वाटलं, बरं झालं. खरं ते लिहिते. माझी नक्कल करायला वेळ होता आणि काम धड बघायला नव्हता, असं वाटलं. मग चिमणीचे हात आठवले आणि मी ताट झाकून ठेवलं. तुझा रागच आला, आणखी काही नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुझी ती ओळ मी त्याला वाचून दाखवली. हातातली वाटी त्याने खाली ठेवली. "तिला काही कळवू नकोस," म्हणाला. का रे बाबा? तर म्हणतो, "तू गोळ्यांच्या गुंगीत होतीस, तुला काय आठवणार? ती तुला दवाखान्यात सोडून घरी परत आली होती. मी आलो तेव्हा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती."

भूल मला दाढेला दिली होती, डोक्याला नाही. तू कुठे होतीस ते मला चांगलं आठवतं. पण तुला लिहून देणार नाही. आधी सांग, तुला ते कशाला हवंय? आणि माझ्या मोबाइलवर एक माणूस फोन करतो, तुझं नाव घेतो, "थोडी माहिती हवी होती," म्हणतो. कोण हा? मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. दोनदा. माझा नंबर त्याला तूच दिलास ना? मला न विचारता?

सासू


रविवार, तारीख एक

सूनबाईस,

आता लांबलचक लिहिलंस. आधीच लिहिलं असतंस तर माझे एवढे शब्द वाचले असते.

समजलं ते असं. तू ती 'घाईची बाई' परीक्षा घेतलीस तेव्हा मशीन नापास झाली होती. पाणी जायच्या आत 'पुढे' हे बटण लागोपाठ दोनदा दाबलं की मशीनला वाटतं पाणी गेलं, आणि कुलूप सुटतं. तू तिच्यावर लाल निशाण लावलंस, आणि ते निशाण असेपर्यंत मशीन बाहेर पाठवता येत नाही. तरी ती गेली. तुला वाटलं, नवरा टीमचा मुख्य आहे, त्याने स्वतःच्या अधिकारात सोडली असेल. त्यावरून भांडलात. आणि आता चौकशीत कळतंय की लाल काढून हिरवं केलं ते तुझ्या नावाने, तुझ्याच लॅपटॉपवरून, माझी दाढ काढली त्या दुपारी. लॅपटॉप घरी टेबलावर होता. तू घरी नव्हतीस. आणि हे सांगणारं माणूस जगात मी एकटी, कारण दातांचा डॉक्टर माणसाचं तोंड बघतो, शेजारी कोण बसलंय ते बघत नाही. तो फोनवाला चौकशीचा माणूस.

म्हणजे माझ्या मुलाने केलं असं तुला म्हणायचंय. तोंड सांभाळून बोल, सूनबाई. आईला असं लिहितात का?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते डब्याखाली ठेवलं आणि ठरवलं, हिचं खोटं बाहेर काढते. तुझ्याच पद्धतीने काढते. आठवतं का, भाजी चिरताना तू मला तुझं काम समजावून सांगायचीस? मी 'हं हं' करायचे, तुला वाटायचं म्हातारीचं लक्ष नाही. तू म्हणायचीस, समजा एक ते शंभर आकडे चालतात, तर पन्नास घालून बघण्यात अर्थ नाही. शून्य घाला, एकशे एक घाला. चूक कडेला बसते. हे मला पटलं होतं, कारण झुरळंही तशीच. मध्ये उजेडात कोण बसतंय?

म्हणून मी त्याला मधलं विचारलंच नाही. तू काय करत होतीस, काय म्हणालीस, हे त्याचं पाठ असणार. कड विचारली.

"त्या दुपारी तू घरी आलास तेव्हा दार कोणी उघडलं रे?"

"तिनेच."

"बेल वाजवलीस?"

"वाजवली की. आई, हे काय चाललंय?"

काही नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हटलं, "बेल तर तेव्हा बंद होती. वायरमन नंतर आला."

"मग दार लोटलेलं असेल," म्हणाला. "ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आता आठवलं."

"आधी म्हणालास टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती."

"आधी गॅलरीत, मग टेबलाशी. तू काय पोलीस आहेस का?"

तुझंच वाक्य आहे बघ, एक दुरुस्ती केली की जुनं चालणारं मोडलं नाही ना, ते पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. प्रोग्रॅमचं मला माहीत नाही. खोट्याचं मात्र अगदी तसंच आहे. बेलचं दुरुस्त करायला गेला आणि टेबल मोडून बसला.

मग शेजारणीकडे गेले. आपण दोघी निघताना किल्ली तिच्याकडे ठेवली होती, तू ठेवलीस, माझं तोंड दुखत होतं. सहज विचारते असं दाखवून विचारलं. ती म्हणाली, "तुमच्याच मुलाने नेली की. तुम्ही दोघी दाढेला गेलात ना, तेव्हा. त्याला किल्ली शोधून देईपर्यंत माझं दूध उतू गेलं. तुम्ही आलात त्याच्या आधी परत देऊनही गेला."

दूध उतू गेलेलं बाई विसरत नाही. त्याला मी पण काही म्हणू शकत नाही.

तरी किल्ली नेली म्हणजे सगळं त्यानेच केलं असं होत नाही. कागद घ्यायला आला असेल. तूच म्हणायचीस, चूक सापडली नाही म्हणजे चूक नाहीच असं नसतं. तर मग तुझ्यातही अजून सापडली नाही एवढंच. हे लक्षात ठेव.

सासू


शनिवार, तारीख सात

सूनबाईस,

आज बसून सगळं लिहिते, मध्ये उठणार नाही.

परवा चिमणीकडे गेले. दोन्ही हात बांधलेले, लेक भरवत होती. मला बघून हसली. म्हणाली, "बाई, तुझ्या सुनेने सांगितलं होतं ना ग, एकदाच दाबायचं म्हणून? आणि आपण काय हसलो!" मग म्हणाली, "पाणी जाईपर्यंत उभं राहायचं, आणि पुढच्या चादरींचा ढीग समोर. कोण थांबतंय? तू थांबली असतीस का?"

मी तिच्या लेकीला विचारलं, मलम कुठलं लावता.

घरी आले. काल सकाळी तुझा नवरा आंघोळ करून बसलेला, त्याचा शर्ट इस्त्री करायला मी घेतला. आणि शर्टाकडे बघत म्हटलं, "शेजारीण म्हणते किल्ली तू नेलीस."

तो स्टुलावर बसला. मोठा माणूस, पण बसला अगदी पहिलीत बसायचा तसा, हात मांडीखाली घालून. इस्त्री मी थांबवली नाही. थांबली तर कापड जळतं.

"आई, तारीख होती," म्हणाला.

"कसली तारीख?"

"मशीन द्यायची. आमच्याकडे काम धबधब्यासारखं चालतं. आधी काय हवं ते लिहून घ्यायचं, मग आराखडा, मग बनवायचं, आणि तपासायचं सगळ्यात शेवटी. वरच्या प्रत्येकाने उशीर केला आणि तो सगळा खाली आमच्या डोक्यावर आला. मशीन ट्रकमध्ये चढायची वेळ आणि हिचं एक लाल निशाण. धबधब्यात पुन्हा वर चढता येत नाही, आई."

"ती काय म्हणत होती?"

"तिचं आपलं एकच. थोडं थोडं बनवा, दर पंधरवड्याला वापरणाऱ्याला दाखवा, चूक लहान असतानाच सापडते. साहेबांना ते नको होतं. मग शेवटी म्हणाली, पाठवू नका, थांबा."

"मग थांबायचं."

"बटण दोनदा कोण दाबतंय, असं वाटलं मला."

मी त्याच्याकडे बघितलं. ज्या घरात तो वाढला त्या घरात, माझ्या हाताखाली, हे त्याला वाटलं!

"पुढच्या खेपेला दुरुस्त करणार होतो," म्हणाला. "ते ऑफिसात बसूनसुद्धा करता येतं. कुणाला कळलं नसतं."

"ते तुझं ऑफिस जाणे. तिच्या नावाने का केलंस? स्वतःच्या नावाने करायचं होतंस."

"बनवणाऱ्याला स्वतःचं काम पास करता येत नाही, आई. तसा नियमच आहे. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून."

सूनबाई, नियम चांगला आहे. घरात कुणी लावला नाही एवढंच. ह्याला बनवलं मी आणि ह्याच्या तक्रारी आल्या की तपासायलाही मीच. आता पुढचं लिहीत नाही, तू समजून घे.

मग तो म्हणाला ते जास्त वाईट होतं. म्हणाला, "तू काही बोलली नाहीस तर हे इथेच मिटतं. ती हुशार आहे, तिला दुसरं काहीतरी मिळेल. माझं नाव आलं तर मी संपलो." आणि माझ्या पदराला हात लावला. लग्न झालेला मुलगा पदराला हात लावत नाही. लावला तर समजायचं, भीती वाटतेय किंवा काम आहे. मला दोन्ही दिसलं.

शर्ट झाला होता. कॉलर नीट बसवून त्याच्या हातात दिला.

आता तुझ्याकडे वळते, तू सुटलीस असं समजू नकोस. रविवारी "दाखव मला" म्हणत होतीस म्हणजे तुला संशय होता. त्याने दाखवलं नाही म्हणजे संशय खरा होता. मग साहेबाकडे का गेली नाहीस? मालकाला फोन का केला नाहीस? शाल, बूट, कप सगळं नीट घेतलंस आणि ज्या गोष्टीने माणूस भाजणार होतं ती मला दारात, चपला घालता घालता सांगितलीस, जसं काही गॅस बंद करा म्हणून सांगावं. स्पष्ट बोलली असतीस तर तुझा नवरा अडकला असता, म्हणून ना? माझ्या अंगावर टाकून गेलीस. मी कशी आहे हे तुला माहीत होतं. तेवढ्यासाठी तर अख्खी परीक्षा केली होतीस माझ्यावर!

म्हणजे ह्याला मी पास केलं आणि तूही पास केलंस. भाजली ती तिसरीच.

आपलेच दात, आपलेच ओठ. दाढ तर काढून टाकली, बाकीचे कुठे काढू?

विचार करतेय. मला लिहू नकोस. गोड लिहिलंस तर वाटेल मस्का लावतेस, आणि रागाने लिहिलंस तर मी बदलेन.

सासू


बुधवार, तारीख अठरा

सूनबाईस,

हे पत्र तुला मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी असेल. त्या माणसाला मीच फोन केला. "राँग नंबर नव्हता," म्हटलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं.

मी येतेय. पण नीट समजून घे, तुझ्या बाजूने येत नाही. मला दोनच गोष्टी माहीत आहेत, त्या सांगेन. एक, दवाखान्यात पोचल्यापासून घरी परतेपर्यंत तू माझ्या शेजारून हलली नाहीस. तोंडात बोळा होता तेव्हा तुझा हात मी एवढा दाबला की तुझी बांगडी पिचली आणि तू म्हणालीस, "दाबा आई, माझ्याकडे आणखी आहेत." दोन, किल्ली शेजारणीकडून कोणी नेली. ह्यापुढे त्यांनी काय विचारलं तर म्हणेन, बनवणाऱ्या बाईला विचारू नका, तुमचाच नियम आहे.

आणि ती मशीन माझ्यासमोर चालवा म्हणणार आहे. दुरुस्त केली म्हणतात. दाखवा मला.

तुझ्या नवऱ्याला काल सांगितलं, मी जाणार. म्हणाला, "तू नको येऊस आई. मीच सगळं सांगतो, तुझ्या आधी." डोळे भरले होते. माझे पण भरले असते, पण मी ह्याला ओळखते. "चांगलं आहे," म्हटलं, "तू सांग. मी शेजारी बसून ऐकते." पूर्वी मी एवढ्यावर त्याला जवळ घेतलं असतं. काल ताट वाढलं. जेवला. नोकरी गेली तरी जेवायला इथेच आहे, हे त्याला सांगितलंय. तुलाही सांगून ठेवते.

चिमणीलाही कळवलंय. तिने हात दाखवायला यायचं ठरवलंय, लेक घेऊन येईल. तिच्यासमोर तू काय बोलतेस तेही मी बघणार आहे.

तू परत यायचं की नाही, ते मी विचारत नाही. आलीस तर त्या बंद दाराआड नवऱ्याशी भांडू नकोस, स्वयंपाकघरात भांड, मला नीट ऐकू येईल. नाही आलीस तर कपाटातली तुझी बाजू रिकामी राहू दे, मी त्यात काही भरलेलं नाही. कप कुठल्या का घरात असेना, फुटू देऊ नकोस.

एक अजून विचारायचं होतं, राहून गेलं. एवढ्या परीक्षा घेतल्यास मशीनच्या, बाकीच्यांना नुसते आकडे दिलेस. एकीलाच नाव दिलंस. हसायला दिलंस का दुसऱ्या कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. तोंडावर विचारेन, तेव्हा डोळ्यांकडे बघेन.

आशीर्वाद राहिलेत. कागदावर टाकत नाही, तिथे आलीस की घे.

तुमचं ऑफिस अगदी वरच्या मजल्यावर आहे म्हणे. लिफ्टपाशी मला वेळ लागला तर बहिणीला खाली पाठवू नकोस आणि आली नाही असंही समजू नकोस. बटण एकदाच दाबून उभी असेन.

घाईची बाई